माशात आलं: घालायचं तर कुठल्या माशात, किती आणि कधी

प्रश्न विचारणाऱ्या ताई लग्न होऊन पुण्याहून गोव्यात फोंड्याला आल्या आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. सासूबाई सांगतात, माशाला आलं लावत नाहीत. शेजारची ख्रिश्चन आंटी मात्र जवळजवळ प्रत्येक माशात आलं घालते आणि तिचं जेवण सुरेख होतं. ताईंनी स्वतः दोनदा करून पाहिलं. पहिल्यांदा इसवणाच्या (सुरमईच्या) तुकड्या तव्यावर काळ्या पडून कडू झाल्या, दुसऱ्यांदा चणक या माशाचा रस्सा केला तर माशाचा भुगा झाला. मग बरोबर कोण, आणि आपलं चुकलं कुठे?

बरोबर दोघीही. तुमचं आलं चुकीच्या वेळी आणि चुकीच्या रूपात पडलं, एवढंच. मी म्हापशात बावीस वर्षं खाणावळ चालवली. आता गुडघे बोलायला लागले म्हणून ती बंद केली आणि घरीच चार मुलींना शिकवते. त्यांच्याही हातून आधी हेच होतं.

आधी सासूबाईंची बाजू. आपल्याकडच्या हुमणात, म्हणजे नारळाच्या वाटणाच्या माशाच्या आमटीत, ओलं खोबरं, सुकी मिरची, थोडे धणे, हळद आणि आंबटाला सोलां (कोकमाच्या सुक्या साली) किंवा चिंच. बांगडे, तारले असतील तर वर तिरफळं. या वाटणात आल्याला जागाच नाही. तिरफळाचा स्वतःचा एक झणका आहे, जीभ किंचित बधीर करणारा, लिंबाच्या सालीची आठवण करून देणारा. त्यात आलं घातलं की दोन्ही वास एकमेकांच्या अंगावर जातात आणि शेवटी कुठलाच धड लागत नाही. तेलकट माशाचा उग्रपणा तिरफळ एकटं सांभाळतं. फक्त त्यातली काळी बी काढून टाका, साल जराशी ठेचून रश्श्यात सोडा आणि वाटणात वाटू नका. तेव्हा बांगड्याच्या हुमणात आलं नको, यावर मी तुमच्या सासूबाईंच्या पुढे दोन पावलं आहे.

आता आंटी. तिचं काल्दीन (नारळाच्या रसातला पिवळा रस्सा), तिचा माशात भरायचा रेशाद मसाला, मोरीचं (शार्कचं) आंबटतीक, म्हणजे आंबट-तिखट रस्सा, या सगळ्यांत आलं असतं आणि ते असायलाच हवं. रेशादात काश्मिरी मिरची, लसूण, जिरं, मिरी, लवंग, दालचिनी माडाच्या व्हिनेगरमध्ये वाटतात. एवढ्या दणकट मसाल्यात आलं नसेल तर नुसता आंबट-तिखट चटका राहतो, मधला ओलावा जातो. मोरीचं कारण वेगळं. तिच्या अंगात युरिया असतो, मासा जुना होऊ लागला की त्याचा अमोनिया होतो आणि मुतारीसारखा वास सुटतो. ताज्या मोरीलाही त्याची छटा असते, म्हणून तिथे आंबट आणि आलं दोन्ही लागतात. कुणी म्हणेल, माशात आलं हे अलीकडचं, चायनीजच्या गाड्यांवरून आलेलं खूळ आहे. तसं नाही. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला आणि त्यात आल्यावर वेगळं प्रकरण आहे. आलं इथल्या लोकांना तेव्हाही चांगलं ठाऊक होतं. कुठल्या घरात ते माशाच्या भांड्यात गेलं आणि कुठल्या घरात गेलं नाही, एवढाच फरक.

तर मग भुगा का झाला? तुम्ही लिहिलंय की चणकाला आलं-लसणाचं वाटण लावून सकाळी फ्रिजमध्ये ठेवलं आणि रात्री केलं. कोंबडीला चालतं म्हणून माशालाही चालेल, असं वाटलं असणार. कच्च्या आल्यात झिंजिबेन नावाचं एक एन्झाइम असतं, पपईच्या चिकात असतं त्याच जातीचं काम करणारं. ते मांसातले धागे बांधून ठेवणारं कोलॅजन तोडतं. मटणात कोलॅजन भरपूर आणि चिवट, म्हणून तिथे ते उपकारी. माशाचं मांस मुळातच आखूड पापुद्र्यांचं, आणि ते पापुद्रे जोडणारा पडदा अगदी पातळ. आठ तास आल्यात राहिला की तो पडदा सुटतो. रस्सा ढवळल्यावर सगळं विखुरतं.

यात आणखी एक गोम आहे. हे एन्झाइम साठ अंश सेल्सियसच्या आसपास सर्वांत जोरात चालतं आणि त्याहून बरंच तापलं की मरतं. म्हणजे आलं लावलेला मासा गार रश्श्यात टाकून मंद आचेवर हळूहळू तापवत ठेवणं हा भुगा करण्याचा हमखास मार्ग. रस्सा आधी उकळता हवा, मासा नंतर.

माझंही एकदा झालंय हे. खाणावळ नवी होती. एका बारशाचं चाळीस पानांचं जेवण आलं. मुडदुशे आदल्या रात्रीच आलं-मीठ लावून ठेवले, म्हटलं सकाळी धावपळ नको. मुडदुशी केवढी नाजूक मासळी! सकाळी हातात घेतली तर काटा एकीकडे, मांस दुसरीकडे. तव्यावर जे झालं त्याला फ्राय म्हणता येणार नाही. शेवटी ते सगळं काट्यातून सोडवून त्याचे कटलेट केले, बटाटा घालून. पाहुण्यांनी कौतुक केलं, मी मात्र त्या दिवसापासून माशाला कच्चं आलं लावून पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त ठेवलेलं नाही. मुडदुशीला तर लावतच नाही.

आता तव्यावरचा कडूपणा. इथे दोष आल्याचा नाही, चोथ्याचा आहे. वाटलेल्या आल्यात बारीक तंतू असतात. रव्याच्या आवरणाबाहेर आलेले हे तंतू तव्याला आधी चिकटतात, मासा शिजायच्या आत करपतात, आणि करपलेल्या आल्याचा कडूपणा सगळ्या तेलात उतरतो. दुसरी तुकडी त्याच तेलात टाकली की तीही गेली. उपाय सोपा: तळायच्या माशाला आल्याचा फक्त रस लावा. अंगठ्याएवढा तुकडा किसून मुठीत घट्ट पिळायचा, चमचाभर रस निघतो. अर्ध्या किलो इसवणाला तेवढा पुरे. त्यात मीठ, हळद, तिखट आणि चमचाभर आगळ (कोकमाचा रस). दहा मिनिटं, जास्त नाही. मग रव्यात थोडं तांदळाचं पीठ मिसळून घोळवायचं आणि मध्यम आचेवर खोबरेल तेलात एकेक बाजू तीन-चार मिनिटं. तुकडी बोटाच्या पेराएवढी जाड धरली आहे. उलटायची घाई करू नका. खालची बाजू झाली की तुकडी आपणहून तवा सोडते. पिळून उरलेला चोथा चहात टाका, तो वाया जात नाही.

म्हणजे आल्याची रूपं तीन समजा. तळणाला रस, वाटून गाळायच्या रश्श्याला वाटण, आणि वाफवायच्या माशाला काड्या. चौथं रूप बाजारातल्या बाटलीतली आलं-लसूण पेस्ट. मी ती माशाला वापरत नाही. ती टिकावी म्हणून तिच्यात आम्ल आणि मीठ घातलेलं असतं, त्यामुळे आपल्या आंबटाचा आणि मिठाचा अंदाज चुकतो, आणि ताज्या आल्याचा जो लिंबासारखा वास माशाला हवा असतो तोच तिच्यात नसतो. सुंठही ताज्या आल्याच्या जागी चालत नाही. ताज्या आल्याचा तिखटपणा जिंजेरॉल नावाच्या पदार्थाचा; आलं वाळताना त्याचा काही भाग शोगाओल होतो आणि ते जास्त तिखट असतं. उलट ताजं आलं शिजवलं की जिंजेरॉलपासून झिंजेरोन तयार होतो, तो सौम्य आणि गोडसर. म्हणूनच रश्श्यात सुरुवातीला घातलेलं आलं मागे जातं, गोड होऊन बसतं, आणि शेवटी घातलेलं नाकाला लागतं. मी काल्दीनमध्ये आलं दोनदा घालते ते याचसाठी.

आलं निवडताना एवढं बघा. वासाला आणि काड्यांना कोवळं आलं हवं, पातळ सालीचं, मोडलं की कट्कन मोडणारं. मोडल्यावर दोरे लोंबत असतील तर ते जून आहे. ते रसाला उत्तम, कारण तिखटपणा त्यातच जास्त, पण काड्या करून दातांत अडकवू नका. हिवाळ्यात नवं आलं येतं तेव्हा दोन्ही मिळतं. साल सुरीने सोलू नका, चमच्याच्या कडेने खरवडा. सालीखालचा भाग वासाचा असतो आणि सुरी नेमका तोच घेऊन जाते. कापताना तंतूंना आडवं कापा. माझी आई आलं ओल्या वाळूत पुरून ठेवायची, महिनोन् महिने टिकायचं. आता फ्लॅटमध्ये वाळू कुठून आणणार? कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा.

पुढचं जरा कान देऊन वाचा. तुम्ही विचारलंय, मासा थोडा वास मारत असेल तर आलं जास्त घालून चालेल का. समुद्री माशाचा जो नेहमीचा वास असतो तो बराचसा ट्रायमेथिलअमाइनचा. मासा मेल्यावर जिवाणू तो तयार करतात. आंबट लागलं की हा पदार्थ उडून नाकात येत नाही, म्हणून आपण लिंबू, कोकम, चिंच लावतो. आलं त्याचं तसं काही करत नाही, ते आपल्या वासाने त्याला झाकतं. आणि झाकणं इथेच धोक्याचं ठरतं. बांगडा, तारली, कुपा, इसवण हे मासे बर्फाशिवाय काही तास राहिले तर त्यांच्यात हिस्टामाइन नावाचा बाधणारा पदार्थ साठतो. तो शिजवून जात नाही, फ्रीझरमध्ये ठेवून जात नाही, आल्याने तर मुळीच जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं ठणकतं, आणि लोक म्हणतात मासा ‘बाधला’. तेव्हा वासाची शंका आली तर आल्याकडे धावू नका, कचऱ्याच्या डब्याकडे धावा. बाजारात कल्ले उचलून बघा, लाल हवेत. डोळा फुगीर हवा, पोट बोटाने दाबलं तर खड्डा राहता कामा नये. मासेवाली कल्ले दाखवायला कुरकुरली तर पुढच्या टोपलीकडे जायचं. ती दोन शब्द बोलेल, ऐकून घ्यायचं.

गोड्या पाण्यातल्या माशाचं वेगळं असतं. त्याला जो चिखलाचा वास येतो तो जिओस्मिन नावाच्या पदार्थाचा. पहिल्या पावसात मातीचा वास येतो ना, तोच. तिथे आंबट पाण्यात मासा दहा मिनिटं ठेवून धुतला आणि मग आलं लावलं तर खरंच फरक पडतो. तळ्यातला रोहू-कटला घरात येत असेल तर हे करून बघा.

आता काल्दीन. तुम्ही आंटीला विचारलं तर ती तिची कृती देईलच, आणि तिची माझ्याहून चांगलीही असेल. मी करते ती अशी. चणक अर्धा किलो, नाहीतर तांबसा, नाहीतर पापलेट. काट्यासकट जाड तुकडे, मीठ आणि हळद लावून ठेवायचे, आलं नाही. मध्यम नारळाचं खोबरं, मोठा चमचा धणे, लहान चमचा जिरं, आठ-दहा मिरी, पाच लसूण पाकळ्या, अर्धा चमचा हळद आणि आल्याचा अंगठ्याच्या निम्मा तुकडा. हे सगळं थोड्या कोमट पाण्यात बारीक वाटून पिळायचं. पहिला दाट रस वाटीभर निघेल, तो बाजूला. चोथ्यात पुन्हा दोन वाट्या पाणी घालून पातळ रस काढायचा. इथे आलं गाळून निघतं, म्हणून तंतूंचा त्रास नाही. मातीच्या भांड्यात थोड्या तेलात एक कांदा पारदर्शक होईपर्यंत परतायचा, लाल करायचा नाही, काल्दीन पिवळीच दिसली पाहिजे. पातळ रस ओतून चांगला उकळू द्यायचा. उकळल्यावर चिरलेल्या दोन-तीन हिरव्या मिरच्या आणि मासा. भांडं उचलून हलवायचं, पळी घालायची नाही. अडीच सेंटिमीटर जाडीच्या तुकड्याला रश्श्यात आठ-दहा मिनिटं लागतात. त्याहून पातळ असेल तर पाच मिनिटांनीच सुरीचं टोक घालून बघा. मांस काचेसारखं अर्धपारदर्शक दिसायचं थांबलं आणि काट्यापासून सुटायला लागलं की झालं.

मग आच अगदी कमी करून दाट रस, मोठा चमचा व्हिनेगर, मीठ. आणि आता उरलेल्या निम्म्या आल्याच्या केसासारख्या बारीक काड्या. झाकण ठेवून दोन मिनिटं, गॅस बंद. दाट रस घातल्यावर खळखळ उकळलं की नारळ फुटतो, वर तेल आणि खाली पाणी. चव जात नाही, पण रूप जातं, आणि काल्दीनचं निम्मं सुख तिच्या रूपात आहे. मासा शिजल्यावर आलं घालायचं कारण वर सांगितलंच, पण आणखी एक गोष्ट मी वर्षानुवर्षं पाहिली आहे. कच्च्या माशासोबत शिजलेलं आलं माशाच्या अंगात हरवून जातं. शिजलेल्या माशावर पडलेलं आलं आपला वास राखून राहतं.

तुम्ही मोदकपात्राचा उल्लेख केलात म्हणून एक गंमत. खाणावळीत हे कधी केलं नाही, घरी करते. चायनीज लोक आख्खा मासा आलं घालून वाफवतात आणि वर कडकडीत तेल ओततात, ते मला कुणीतरी सांगितलं होतं. मी ते हळदीच्या पानात केलं. पातोळ्या करतो तीच पानं. हळद आणि आलं एकाच कुळातली, त्यामुळे पानाचा वास आल्याला परका वाटत नाही. शेवटा नावाचा मासा किंवा लहान चणक, अर्ध्या किलोच्या आतला, साफ करून दोन्ही बाजूंना तिरपे काप द्यायचे. ताटलीत पान, पानावर आल्याच्या जाड चकत्या, त्यांवर मासा. चकत्यांमुळे मासा उचललेला राहतो आणि खालूनही वाफ लागते. पाणी खळखळ उकळल्यावरच ताटली आत ठेवायची, दहा-बारा मिनिटं. बाहेर काढल्यावर ताटलीत जे पाणी साचलेलं असतं ते ओतून टाका. मोह होतो ठेवायचा, पण माशाचा सगळा वास त्यातच उतरलेला असतो. जाड चकत्याही फेका, त्यांचं काम झालं. मग वर ताज्या काड्या, मीठ, हवी तर कोथिंबीर, आणि पळीत दोन चमचे खोबरेल तेल धूर यायच्या बेताला तापवून त्या काड्यांवरच ओतायचं. चर्र आवाज आला पाहिजे. नाही आला तर तेल कमी तापलं. शेवटी लिंबू. आमच्या घरी पहिल्यांदा केलं तेव्हा यजमानांनी ‘हे आजारी माणसाचं जेवण’ म्हणून नाक मुरडलं होतं. आता तेच दर रविवारी शेवटे घेऊन येतात.

प्रमाणाबद्दल विचारलंत. अर्ध्या किलो माशाला एकूण अंगठ्याएवढा तुकडा. कोवळं असेल तर थोडं जास्त. आल्याची चव वेगळी ओळखता आली तर ते जास्त झालं. वाफवलेल्या माशाला मात्र हा नियम लागू नाही, तिथे आलंच पुढे असतं. तारले, मुडदुशे, लेपे यांना मी आलं लावत नाही. काळुंदर तळताना रस लावते. सुंगटांना (कोळंबीला) आलं चालतं, माणकीला (स्क्विडला) तर हवंच, पण त्यांनाही वाटण लावून तास तास ठेवू नका.

रेशाद मसाला एकदम करून बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवला तर चालतो, व्हिनेगर त्याला सांभाळतं. भरलेला बांगडा मात्र ठेवायचा नाही. भरला की अर्ध्या तासात तव्यावर.

शेवटचा तुमचा प्रश्न पावसाळ्याचा. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद, बाजारात खाडीचे मासे किंवा बर्फातले बाहेरून आलेले. खाडीचा शेवटा, काळुंदर मिळाला तर वर सांगितलेलं वाफवणं नाहीतर तळणं करा. बर्फातल्याला काल्दीन बरी, त्यात वास आणि सुकेपणा दोन्ही सांभाळले जातात. आणि काहीच मिळालं नाही तर सुक्या सुंगटांची किसमूर. सुंगटां भाजून, डोकी-शेपट्या मोडून, ओलं खोबरं, कांदा, तिखट, चिंचेचा कोळ, पेजेबरोबर. तिच्यात आलं घालायचा विचार मनात आलाच, तर आधी सासूबाईंना विचारा. त्या जे म्हणतील त्यावर माझी सही.